कमी मोठे दाखविणाऱ्या भिंगाचा अर्ज

संदर्भ : नाझर अण्णाजी यांचा, आपल्या परसातील दुर्बिणीस कमी मोठे दाखविणारे भिंग मिळण्याबाबतचा अर्ज.

विषय : सदर अर्जाचे पुढे काय झाले, अशी मित्रमंडळींकडून वारंवार होणारी विचारणा.

वरील विषयी सविनय सादर करण्यात येते की, ही हकीकत एका बैठकीत सांगून संपत नाही. कचेरीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर धूळ बसते तसे ते बसतात. पेन्शन झाल्यावर माणूस फुंकर मारतो आणि मग स्वतःच खोकत बसतो.

आमची कचेरी वाशीमच्या बाजूची. गावाचं नाव सांगत नाही. मंगरुळाला जाणारी मोटार तिथे पाणी प्यायला थांबत असे, एवढं पुरे.

* * *

अण्णाजी आमचे नाझर. म्हणजे कचेरीतल्या खुर्च्यांपासून टाकांच्या निबांपर्यंत सगळं सामान त्यांच्या ताब्यात. माणूस इतका सरळ, की घरचं पत्र लिहायला खिशात स्वतःचा टाक बाळगायचा.

लढाईचे दिवस होते. अकोल्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. अण्णाजी आरामखुर्ची आणायला गेले. इकडे त्यांच्या पत्नीने, आमच्या गोदावहिनींनी, ओट्यावर खुर्चीपुरती जागा सारवून ठेवली.

संध्याकाळी मोटारीच्या टपावरून उतरली ती पितळेची माणसाएवढी नळी. स्टँडवरचे लोक तोफ समजून मागे सरले. आमचे दफेदार करीमभाई, म्हणजे चपराशांचे मुकादम, ती उतरवायला पुढे झाले, पण हात लावण्याआधी त्यांनी चौकशी केली.

"नाझरसाब, इच्या तोंडात गोळा तं नाई ना?"

वहिनींनी नळी वरून पाहिली, खालून पाहिली, आतून पाहिली. "दाणे भरता येत नाई, पाणी भरता येत नाई, बसता तं येतच नाई. खुर्ची कुठं हाये?"

खुर्ची दुसऱ्याने घेतली होती. नळी खुर्चीच्या शेजारी उभी होती, आणि साहेबाने अण्णाजींना तिच्यातून एकदा बघू दिलं होतं. रात्री मला म्हणाले, "बापूराव, तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतांच्या हद्दी लिहिल्या. आभाळाले हद्द नाई."

हद्द होती. आणि फार लहान होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

* * *

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी अख्खी कचेरी अण्णाजींच्या परसात गोळा झाली. दुर्बिणीला डोळ्याकडच्या बाजूने एकच भिंग होतं, आणि ते भयंकर ताकदीचं. त्यातून चंद्र दिसायचा, पण चतकोर. तोही पाहता पाहता बाजूला सरकायचा, आणि अण्णाजी नळी ढकलत त्याच्या मागे लागायचे.

करीमभाई म्हणाले, "साब, चांद पळून राह्यला. याले दावं लावा."

प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा तुकडा आला. एकाने खड्डे पाहिले, एकाने सपाट मैदान. एकाला काहीच दिसलं नाही, पण त्याची नोकरी कच्ची होती म्हणून तो सगळ्यांना हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत चंद्र कसा आहे याबद्दल पाच मतं होती, आणि पाचही जण डोळ्याने पाहून आलेले!

चार दिवसांनी संकष्टी आली. अण्णाजींनी मोठ्या हौसेने वहिनींना उपास सोडण्याआधी नळीतून चंद्रदर्शन घडवलं. वहिनींनी चतकोर पाहिला आणि शेजारच्या जोशीबुवांना हाक मारून विचारलं, एवढ्या दर्शनावर जेवता येतं का.

जोशीबुवांनी बराच विचार केला. म्हणाले, "चतकोर चंद्रावर फराळ चालेल. जेवण नाही."

वहिनींनी मान वर केली, उघड्या डोळ्यांनी अख्खा चंद्र पाहिला, नमस्कार केला आणि जेवायला बसल्या. पहिला घास घेण्याआधी निकाल दिला. "नुसत्या डोळ्यानं पुरा दिसते, तुमच्या नळीतून पाव दिसते. मंग नळी कायले? कोजागिरीपर्यंत मले याच्यातून पुरा चंद्र दाखवा. नाई तं मी कासारले बोलावते. पितळ चांगलं हाये, घंगाळ होईल."

कोजागिरीला चंद्र पाहायला या, असं आमंत्रण अण्णाजी खुद्द तहसीलदारसाहेबांना देऊन बसले होते. त्यांनी नळीवर हात ठेवला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

* * *

अण्णाजींनी मुंबईच्या एका दुकानाला पत्र घातलं. उत्तर आलं ते कचेरीत मोठ्याने वाचण्यात आलं, आणि कचेरी हादरली.

दुकानदाराचं म्हणणं असं, की भिंग जितकं मोठं दाखवील तितका आभाळाचा तुकडा लहान. पूर्ण चंद्र, वर भोवतालच्या चार चांदण्या हव्या असतील, तर कमी मोठं दाखवणारं भिंग घ्यावं. किंमत मात्र कमी नव्हती. उलट थोडी चढीच.

आमच्यापैकी एकाने विचारलं, "कमी दाखवायचे जास्त पैसे?"

मी समजावून पाहिलं. भिंतीवरचा जाहीरनामा नाक लावून वाचला तर एक अक्षर मोठं दिसतं, पण लिलाव कशाचा आहे ते कळत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मग एकाने विचारलं, "पण कमी दाखवायचे जास्त पैसे?"

खरा धक्का पत्राच्या शेवटी होता. भिंग निवडायचं म्हणून दुकानदाराने अण्णाजींचं वय विचारलं होतं. कारणही दिलं होतं. अंधारात तरुण माणसाची बाहुली मोठी उघडते, वय झालं की कमी उघडते. भिंग वाजवीपेक्षा कमी ताकदीचं घेतलं, तर त्यातून येणारा उजेड म्हाताऱ्या बाहुलीत मावत नाही, बाहेर सांडून जातो. तेव्हा नक्की वय कळवावे.

अण्णाजी विचारात पडले. त्या काळी प्रत्येक सरकारी नोकराला दोन वयं असायची. एक आईने सांगितलेलं, एक शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेलं. पेन्शन लांबावी म्हणून दुसरं नेहमी कमी असायचं.

मी म्हटलं, "अण्णाजी, डोळा आईच्या हिशेबानं चालतो."

"तुमचं खरं हाये बापूराव. पण लेखी विचारलं हाये." आणि त्यांनी सर्व्हिस बुकातलं वय कळवलं.

म्हणजे भिंग निवडलं गेलं ते अण्णाजींपेक्षा तीन वर्षांनी तरुण माणसासाठी.

* * *

दुकानदाराने भिंग बाजूला काढून ठेवलं आणि कळवलं, की लढाईमुळे भिंगांवर नियंत्रण आहे. जिल्ह्याची परवानगी आल्याशिवाय पाठवता येत नाही. अण्णाजींनी अर्ज केला.

जिल्ह्याच्या कचेरीला धक्का बसला. लोक जास्त मागतात, हे त्यांना माहीत होतं. कमी मिळावं म्हणून आलेला त्यांचा हा पहिलाच अर्ज असावा. काहीतरी काळंबेरं आहे असं समजून त्यांनी तो आमच्याच कचेरीकडे धाडला, 'सखोल चौकशी करून अहवाल सादर करावा' या शेऱ्यासह. तहसीलदारसाहेब मानोऱ्याकडे दौऱ्यावर होते. कागद येऊन पडला तो वडील कारकून म्हणून अण्णाजींच्याच टेबलावर.

दुसरा कुणी असता तर दोन ओळी खरडून मोकळा झाला असता. अण्णाजींनी मला आणि करीमभाईंना पंच नेमलं आणि स्वतःची चौकशी सुरू केली. प्रश्न खुर्चीत बसून विचारायचे. मग उठून टेबलाच्या पलीकडे जायचं आणि अर्जदार म्हणून उभ्याने उत्तर द्यायचं. मी म्हटलं, बसून सांगा. म्हणाले, "अर्जदाराले खुर्ची देत नाई आपण."

पाचसहा फेऱ्यांनंतर करीमभाईंनी मला हळूच विचारलं, "बापूसाब, पलीकडून आलेच नाई तं समन्स काढा लागते का?"

अहवाल तयार झाला. शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे. 'अर्जदार आमच्या ओळखीचा असून वर्तणूक साधारण बरी आहे. तथापि, मोठे दाखविणारे भिंग जवळ असता कमी मोठे दाखविणारे कशासाठी हवे, याचे समाधानकारक उत्तर अर्जदारास देता आले नाही.'

मी विचारलं, हे कशाला लिहिलं? अण्णाजी म्हणाले, "मले खरंच नीट सांगता नाई आलं. तुमी व्हते ना समोर."

* * *

अहवाल वर गेला आणि वरून ठाणेदार खाली आले. अर्जदार शत्रूला इशारे तर करत नाही ना, हे पाहायला.

भरदुपारी ठाणेदारांनी परसात नळी रोखली. नाल्यापलीकडे पोलीस चौकी होती, तिच्यावरच रोखली. डोळा लावला आणि ते दचकून मागे आले.

"हे उलटं दिसते!"

अण्णाजींनी सांगितलं की आभाळाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. चंद्राला वर-खाली नसल्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

ठाणेदारांनी पुन्हा डोळा लावला. दुसरा डोळा हाताने झाकून घेतला. मग म्हणाले, "ही मिशी माह्या हवालदाराची हाये." थोड्या वेळाने, "मिशीपाशी बदामचा एक्का हाये." ड्यूटीवर हवालदार पत्ते खेळत होता. पण कुणाबरोबर, ते काही केल्या दिसेना. नळी थोडी सरकवली की मिशी जायची आणि भिंत यायची. उलटं असल्यामुळे ठाणेदार नळी डावीकडे लोटायचे आणि चौकी भलतीकडे पळायची. शेवटी ते घामाघूम झाले.

"नाझर, याच्याहून कमी मोठं दाखवणारं भिंग नाई का तुमच्यापाशी?"

"त्याचाच तं अर्ज हाये, साहेब."

ठाणेदार खूश झाले. त्यांनी भरभक्कम शिफारस लिहिली, की सदर भिंग मिळाल्यास पोलीस खात्याच्या कामी अत्यंत उपयोगी पडेल.

झालं! तोवर अर्ज साधा होता. आता तो पोलीस खात्याचा झाला. जिल्ह्याने तो गृहखात्याकडे पाठवला, आणि गृहखातं कुठे बसतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

* * *

भाद्रपद उजाडला. तहसीलदारसाहेब नव्या वळणाचे, नागपूरला शिकलेले. दुर्बीण पाहायला त्यांना नेमकी गणेश चतुर्थीची संध्याकाळ मोकळी सापडली. त्या दिवशी चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. वहिनींनी सांगितलं. साहेब हसले आणि त्यांनी कोर पाहिली.

दुसऱ्या दिवशी टपालाने जिल्ह्याहून पत्र आलं. दौऱ्याच्या तंबूची एक कनात कमी भरते, तरी तहसीलदारांनी खुलासा करावा.

साहेब पांढरे पडले. कचेरी सुटल्यावर जोशीबुवांना गुपचूप बोलावून त्यांनी उपाय विचारला. उपाय जुनाच. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छपरावर खडे मारायचे, त्यांच्या शिव्या खायच्या, म्हणजे आळ फिटतो.

दिवेलागणीला साहेबांनी मुद्रांक विकणाऱ्याच्या टिनावर खडा मारला. तो तणतणत बाहेर आला, साहेबांना पाहिलं, हात जोडले. "अजून एक मारता का साहेब? मुलं राह्यली पाहाची." पुढच्या घरी चहा ठेवला गेला. त्यापुढच्या घरमालकाने आपलं छप्पर सरकारी जागेत आलंय असं समजून माफी मागितली. अख्ख्या गल्लीत साहेबांना शिवी देईना कुणी. अशी अवस्था झालेला अंमलदार मी दुसरा पाहिला नाही.

शेवटचं घर अण्णाजींचं. टिन वाजताच वहिनी बाहेर आल्या. साहेबांनी काकुळतीला येऊन खरं कारण सांगितलं.

वहिनींनी पदर खोचला. "शिव्याच पायजेत ना? थांबा." आणि त्यांनी न आलेल्या खुर्चीपासून सुरुवात केली. मग नळी, मग जिल्हा, मग स्वतःच्याच नवऱ्याला उभं करून केलेली चौकशी. गल्ली कानात प्राण आणून ऐकत होती. "लोकं जास्त मागतेत, त्याइले तुमी देता. या माणसानं जल्मात पह्यल्यांदा काही मागतलं, तेबी कमी मागतलं. तं तुमच्याच्यानं कमी बी देणं होत नाई?"

साहेब मान खाली घालून उभे होते, आणि चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

कनात दुसऱ्याच दिवशी सापडली. साहेबांनी त्याच दिवशी वर स्मरणपत्र धाडलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने 'तातडीचे' असं लिहिलं. तातडीच्या कागदांचा गठ्ठा वेगळा बांधतात. तो सगळ्यात शेवटी सोडतात.

* * *

कोजागिरी आली. भिंग आलं नाही.

दिवस मावळता मावळता परसात सतरंजी पडली. साहेब, ठाणेदार, जोशीबुवा, आम्ही कचेरीतले. चुलीवर दूध आटत होतं. कासाराला सकाळी निरोप गेल्याचं करीमभाईंकडून मला कळलं होतं. अण्णाजींनाही कळलं असावं, कारण ते कुणाशी बोलत नव्हते. त्या दिवशी ते खेड्यावर गेले होते, तिथून परस्पर घरी आले होते आणि कोटही काढला नव्हता.

चंद्र घरांच्या वर आला. निदान आहे ते भिंग तरी स्वच्छ करावं म्हणून अण्णाजींनी ते काढलं आणि उजेडासाठी चुलीजवळ जाऊन पुसायला घेतलं. कोटाची बाही आड आली. भिंग सुटलं आणि थेट दुधात गेलं.

सगळे पातेल्यात वाकून पाहू लागले. जोशीबुवांनी तेवढं विचारलं, की आता हे दूध चालेल का. वहिनींनी झाऱ्याने भिंग काढलं. आत साय गेली होती.

अण्णाजी नळीपाशी जाऊन उभे राहिले. दुधाचे थेंब नळीतही उडाले की काय, या शंकेने त्यांनी कोटाच्या खिशातून एक मुठीचं भिंग काढलं. दस्तऐवजावरचे अंगठ्याचे ठसे ताडून पाहायला कचेरीत असतं ते, बेतानंच मोठं दाखवणारं. खेड्यावर ठसे पाहायला नेलेलं, परत जमा करायचं राहिलेलं. ते डोळ्यापाशी धरून ते नळीत डोकावले, जरा मागे सरले, आणि तसेच थांबले. इतका वेळ थांबले की साहेब उठून उभे राहिले.

"गोदे," अण्णाजी म्हणाले. चारचौघांत त्यांनी वहिनींना नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. "इकडं ये."

वहिनींनी डोळा लावला. अण्णाजींनी भिंग धरून ठेवलं.

"पुरा हाये," वहिनी म्हणाल्या. मग डोळा न काढताच, "बाजूनं जागा बी उरली. अन् चांदण्या."

आम्ही सगळे पुढे सरकलो, तेवढ्यात अण्णाजींनी विंचू चावावा तसा हात मागे घेतला. धोतराच्या सोग्याने भिंग पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, अजून एकखेप दाखवा ना."

"सरकारी हाये ते."

साहेब म्हणाले, मी परवानगी देतो. अण्णाजींनी अदबीने विचारलं, "लेखी, साहेब?" साहेबांनी विचार केला. कचेरीचं सामान कचेरीच्या वेळात वापरायला देण्याचा त्यांना अधिकार होता. चंद्र कचेरीच्या वेळात उगवत नाही.

त्या रात्री साय काढून आम्ही दूध प्यायलो. सकाळी अण्णाजींनी भिंग जमा केलं आणि खाजगी वापराबद्दल स्वतःविरुद्ध रिपोर्ट दिला. कासार आला होता, त्याला वहिनींनी दारातूनच परत पाठवलं.

* * *

त्यानंतर अर्जाची विचारणा करायचं काम वहिनींनी घेतलं. मोटार आली की त्या ओट्यावर यायच्या, आणि टपालाची थैली घेऊन जाणाऱ्या करीमभाईंना अडवायच्या. "आला का कागद?"

लढाई संपली. मुंबईच्या दुकानदाराचं कार्ड आलं, की नियंत्रण उठलं आहे, भिंग तयार आहे, परवानगीची गरज नाही, पैसे पाठवा.

मी ते घेऊन धावत अण्णाजींच्या घरी गेलो. अण्णाजींनी कार्ड दोनदा वाचलं आणि खाली ठेवलं. म्हणाले, "अर्ज वर पडून हाये बापूराव. त्याचा निकाल लागाच्या आत वस्तू घरी आणली, तं मंग सरकारले विचारलंच कायले?"

वहिनी आतून म्हणाल्या, "मंग अर्ज मांगं घ्या."

अण्णाजींनी अर्ज मागे घेण्याचा अर्ज केला. उत्तर आलं, की मूळ अर्ज सापडल्यावर त्यास जोडून विचार करण्यात येईल.

अण्णाजी पेन्शनीत निघाले. मीही निघालो. मधल्या काळात साहेबलोक गेले, झेंडा बदलला, कचेरीवर नवी पाटी लागली. नळी परसातच होती. तिच्या तोंडाला वहिनींनी खणाची टोपी शिवून घातली होती.

गेल्या आश्विनात मी त्यांच्याकडे बसलो असताना पोस्टमनने जाड लिफाफा आणून दिला. वहिनी पीठ मळत होत्या, तशाच हाताने बाहेर आल्या. अण्णाजींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

'आपला अर्ज मिळाला. तथापि, सदर अर्ज आपण कोणत्या सरकारकडे केला होता, याचा खुलासा करावा.'

वहिनींनी अण्णाजींकडे पाहिलं. "परवा कोजागिरी हाये."

अण्णाजी स्वतःचा टाक शोधू लागले.

खुलासा त्याच दिवशी रजिस्टर टपालाने रवाना झाला आहे. अर्ज प्रलंबित आहे.